तिसऱ्या टेपमधले ठोके

दुसऱ्यांच्या रात्री वाचणं हे माझं काम. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे, खिडकी नसलेल्या एका खोलीत बावीस वर्षं मी हेच करतेय. लोक छातीला पाच पॅच आणि कमरेला साबणाच्या वडीएवढं यंत्र लावून घरी जातात, एक दिवस नि एक रात्र काढून परत येतात, आणि मग त्यांचे लाखभर ठोके माझ्या पडद्यावरून सरकत जातात. आता यंत्रात टेप नसते, नखाएवढं कार्ड असतं, पण आम्ही अजून टेपच म्हणतो. कागदी पट्टीच्या काळापासून मी इथे आहे म्हणून सगळे मला पट्टीताई म्हणतात. डॉक्टरसुद्धा.

माणूस कधी जिना चढला, कधी त्याचा डोळा लागला, कधी तो भांडला, हे मला ठोक्यांवरून कळतं. भांडणात चूक कुणाची होती तेवढं कळत नाही.

ते दोघं पहिल्यांदा आले तेव्हा बोलत होती ती बाई. नवरा दाराशी उभा होता. भला थोरला माणूस, हाताचे पंजे फावड्यासारखे. लिफ्टची दुरुस्ती करण्यात आयुष्य गेलेलं, नुकताच निवृत्त झालेला. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तिलाही निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. काडीसारखी बारीक, पण आवाज असा की माणसानं ऐकतच राहावं.

"ह्यांचं रात्री थांबतं," ती म्हणाली.

"काय थांबतं?"

"हृदय."

नवऱ्यानं छताकडे बघितलं. "सांगा हिला समजावून. अकरा महिने झाले. रात्री-बेरात्री गदागदा हलवून उठवते आणि विचारते, जिवंत आहात ना? आता ह्याला काय उत्तर द्यायचं माणसानं?"

"तुम्हाला कसं कळतं थांबलं ते? नाडी बघता?" मी बाईंना विचारलं.

"नाडीबिडी मला कळत नाही. मला जाग येते तीच थांबल्यामुळे." तिनं कानाशी हात नेला. "असं बघा, तीस वर्षं कानाला हेडफोन होता. लाइनवर कुणी बोलत नसलं तरी मागे एक बारीक आवाज असतो. तो आहे तोवर लाइन जिवंत. तो गेला की डेड. रात्री तसंच होतं. आधी सगळं चालू असतं आणि मग मागचा तो आवाजच जातो. खोली बहिरी होते एकदम. मी दचकून उठते, हात ह्यांच्या छातीवर ठेवते, हलवते. मग पुन्हा सगळं सुरू होतं."

माझ्या अंगावर शहारा आला, पण तसं दाखवायची सोय नसते. मी पॅच काढले, नवऱ्याला शर्ट काढायला सांगितलं. बाईंच्या हातात एक छोटी वही दिली. रात्री असं काही झालं की घड्याळात बघून वेळ लिहा, म्हटलं. पेशंटनं वही ठेवायची असते. पण ह्या पेशंटला काही होतच नव्हतं, होत होतं ते बायकोला दिसत होतं. म्हणून वही तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी टेप वाचली. त्याच्या ठोक्यांना एक खूण होती. साधारण माणसाचा ठोका पडद्यावर एका सुळक्यासारखा दिसतो. ह्याच्या ठोक्याला दोन टोकं होती, सशाचे कान असावेत तशी. हृदयात वीज ज्या दोन फांद्यांतून खाली उतरते त्यातली उजवी फांदी जरा आळशी असली की असं होतं. अनेकांना असतं, त्यांना पत्ताही नसतो आणि काही बिघडतही नाही. बाकी टेप एकदम स्वच्छ.

वहीत बाईंनी दोन वेळा लिहिल्या होत्या. एक वाजून बावन्न. चार वाजून सात. मी दोन्ही जागा काढून बघितल्या. त्याचं हृदय थांबलं नव्हतं, उलट अठ्ठावन्नवरून नव्वदवर पळालं होतं. साहजिकच आहे, झोपेतल्या माणसाला कुणी गदागदा हलवलं तर दुसरं काय होणार?

डॉक्टरांनी दोघांना समजावलं. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. पुन्हा टेप, पुन्हा वही, पुन्हा तेच. ह्या खेपेला वहीत तीन वेळा होत्या आणि तिन्ही वेळांना ससा टुणटुण उड्या मारत होता.

"झोपेची गरज खरं तर तुम्हाला आहे," डॉक्टर बाईंना म्हणाले. आमचे डॉक्टर माणूस म्हणून चांगले, पण दुपारी एकनंतर त्यांचा संयम संपतो. "रात्रभर पहारा करून तुम्हीच आजारी पडाल."

जाताना बाई दारात वळून मला म्हणाल्या, "ताई, मी वेडी नाही हो."

"मी कुठे म्हटलं तसं?"

"म्हटलं नाहीत. पण तुमच्या डोळ्यांत आलं."

त्या बरोबर बोलत होत्या. वहीतल्या पाचही वेळांना मी त्याचं हृदय तपासलं होतं. त्या पाचही वेळांना ह्या बाईला जाग का येत होती, हा प्रश्न माझ्या मनातही आला नाही. स्वभावच अतिकाळजीचा म्हणून मी तिला निकालात काढलं होतं.

तिसऱ्या वेळी नवरा यायलाच तयार नव्हता. बाईंनी त्याला कसा तयार केला कोण जाणे. मंगळवारी दुपारी मी पॅच लावले तेव्हा तो वैतागून म्हणाला, "ह्या गोंदानं अंगावर पुरळ येतं माझ्या. ही शेवटची. ह्यानंतर रुग्णालयाची पायरी चढणार नाही."

बुधवारी तीनच्या सुमारास यंत्र परत आलं. बाई वही आणायला विसरल्या होत्या. म्हटलं, असू दे. मी कार्ड लावलं. आमचा संगणक सगळ्यात आधी रात्रीतले लांब थांबे शोधतो आणि मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत मांडतो. चांगल्या टेपमध्ये ती यादी रिकामी असते.

ह्या यादीत सहा ओळी होत्या. पहिली होती अकरा सेकंदांची.

संगणक चुकतो कधी कधी. पॅच सुटला तर त्याला वाटतं माणूस गेला. म्हणून मी ती जागा उघडली. पॅच सुटलेला नव्हता. ठोका, ठोका, ठोका, आणि मग काहीच नाही. काहीच नाही म्हणजे अगदी तसंही नाही. हृदयाचा वरचा कप्पा खालच्याला हुकूम देतो, त्याची एक बारीक टेकडी पट्टीवर उमटते. त्या टेकड्या येत होत्या. एक, दोन, तीन, ठरल्या अंतरानं, न चुकता. खालून ओ येत नव्हती. अकरा सेकंद वरून हाका चालू होत्या आणि खाली घरात कुणी नव्हतं. मग एक रुंद, वेडावाकडा ठोका आला, आणि नंतर सगळं पूर्वीसारखं.

वेळ होती दोन वाजून त्रेचाळीस मिनिटं.

मी उठले आणि जवळजवळ पळतच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पट्टी बघितली आणि चष्मा काढला. "उजवी फांदी आधीच खराब, आता डावीही दगा देतेय," ते म्हणाले. "ती बाई खरं सांगत होती तर. आणि आपण तिला झोपायला सांगत होतो. आजच दाखल करा. पेसमेकर बसवावा लागेल."

बाहेर बाकावर ते दोघं बसले होते. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की टेपमध्ये मोठे थांबे सापडलेत, घरी जायचं नाही. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाई रडायला लागल्या. माझा हात धरून रडत होत्या, आणि मला वाटलं की भीतीपेक्षा त्यात सुटकाच जास्त आहे. अखेर कुणाला तरी तेच दिसलं होतं.

कधीचे थांबे, किती वाजताचे, हे तिनं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

ती रात्र तो वॉर्डात मॉनिटरखाली झोपला. बाई त्याच्या उशाशी खुर्चीवर बसून होत्या. सिस्टरनं सकाळी मला सांगितलं, "डोळ्याला डोळा नाही लागला बिचारीचा. नवरा मात्र घोरत होता, सगळा वॉर्ड जागा ठेवला त्यानं. मॉनिटरवर काही नाही, एक ठोका इकडचा तिकडे नाही."

शस्त्रक्रिया शुक्रवारी सकाळी ठरली होती. त्याआधी संपूर्ण अहवाल लागतो. म्हणून गुरुवारी दुपारी बाराच्या पुढे मी ती टेप पहिल्यापासून वाचायला घेतली. आदल्या दिवशी घाईत मी फक्त थांबे बघितले होते, आजूबाजूच्या ठोक्यांचा आकार नाही. आता मंगळवारची दुपार, संध्याकाळ, सगळं ओळीनं सरकत होतं. सशाचे कान, सशाचे कान. साडेसातला जेवण असावं, थोडी धावपळ. नऊनंतर संथ. दहा वाजून पाच मिनिटांनी एकदम नुसती गिचमीड सुरू झाली. म्हणजे पॅच निघाले. तासाभरापेक्षा जास्त गिचमीड. सव्वाअकराला पट्टी पुन्हा नीट आली.

मी पुढे गेले, आणि दहा-बारा मिनिटांची पट्टी सरकल्यावर थांबले. परत मागे आले.

ससा नव्हता. प्रत्येक ठोका एका बारीक, सरळ सुळक्याचा. उंचीही वेगळी, चालही वेगळी, जराशी जलद.

पॅच पुन्हा लावताना जागा बदलली तर आकार थोडा बदलतो. मी स्वतःला तसं बजावलं. पण एवढा नाही. ठोक्यांचा आकार माणसाच्या सहीसारखा असतो. हात थरथरला तरी सही दुसऱ्याची होत नाही. मी पानामागून पान सरकवत गेले. बारा, एक, दोन. दोन त्रेचाळीसचा तो थांबा सुळक्यांच्या मध्ये होता. सहाही थांबे सुळक्यांच्या मध्येच होते. पाच वाजून वीस मिनिटांनी पुन्हा थोडी गिचमीड, आणि त्यानंतर ससा परत आला. जसा काही रात्रभर बाहेर जाऊन घरी आला होता.

खोलीत एकटीच होते मी. यंत्रांचा पंखा घरघरत होता. पडद्यावर ते परकं हृदय मी गोठवून ठेवलं होतं, आणि मला उगाचच वाटलं की ते माझ्याकडे बघतंय. सव्वाअकरा ते पाच वीस. ह्या सहा तासांत ह्या यंत्राला दुसरं कुणीतरी जोडलेलं होतं, आणि ते जे कुणी होतं, ते त्या रात्री सहा वेळा गेलं होतं आणि सहा वेळा परत आलं होतं.

मी वॉर्डात गेले तेव्हा लिफ्टवाले उशीला टेकून पेपर वाचत होते. खुर्ची रिकामी होती.

"मंगळवारी रात्री मशीन काढलं होतं का तुम्ही?"

शाळेतल्या पोरासारखा चेहरा झाला त्यांचा. "काढलं. काय करणार, आग होत होती छातीची. दहाच्या सुमाराला काढून स्टुलावर ठेवलं नि झोपलो. रागावू नका ताई."

"मग परत कधी लावलं?"

"मी कुठे लावलं? सकाळी उठलो तर होतंच अंगावर. हिनं लावलं असणार मी झोपेत असताना. तिचा जीव त्या मशीनमध्ये अडकलेला. सुटलं की ते कुईकुई वाजतं ना, तिला ते सहन होत नाही."

"बाई कुठेत?"

"घरी गेली आत्ता तासाभरापूर्वी. म्हटलं अंघोळ कर, जरा पाठ टेक. सिस्टर आहेत इथे, मला काय धाड भरलीय? दोन रात्रींची झोप बाकी आहे तिची. कधी नव्हे ते ऐकलं."

मी त्यांच्याकडून नंबर घेऊन घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजून बंद झाला.

"झोपली असेल," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज बदलला. "काय झालंय?"

मी सांगितलं. लपवायला वेळ नव्हता. टेपमधले थांबे तुमचे नाहीत. तुमच्या शेजारी जी झोपली होती तिचे आहेत.

मग त्या फावड्यासारख्या हातांनी त्यांनी छातीवरच्या वायरी एका झटक्यात उपटल्या. मॉनिटरवर सरळ रेघ आली, घंटी बोंबलायला लागली, सिस्टर धावत आली. तर पेशंट पलंगाशेजारी उभा राहून पॅन्ट शोधतोय. "मी जिवंत आहे हो, बाजूला व्हा!" तो ओरडला.

डॉक्टरांना मी जिन्यातूनच फोन केला. ते म्हणाले, रुग्णवाहिका पाठवतो, पण तुम्ही थांबू नका, पुढे व्हा. समोर उभी असलेली पहिली टॅक्सी आम्ही पकडली. लिफ्टवाले वर रुग्णालयाचा झगा आणि खाली पॅन्ट अशा अवतारात होते. ड्रायव्हरनं आरशातून दोनदा बघितलं आणि काही न विचारता गाडी दामटली.

वाटेत ते एकच वाक्य बोलले. "अकरा महिने मी तिच्यावर ओरडलो."

त्यांची इमारत चार मजली, जुन्या पिवळ्या रंगाची. दुपारचे दीड वाजले होते. अशा वेळी इमारती झोपलेल्या असतात. जिन्यात कुणी नव्हतं, कुठल्याशा घरात नळ टपटपत होता, वाळत घातलेल्या चादरी हलतसुद्धा नव्हत्या. ते माझ्यापुढे दोन-दोन पायऱ्या चढत होते. घाईत किल्ली कुलपात जाईना, शेवटी मी त्यांच्या हातातून घेऊन ती फिरवली.

आत पडदे ओढलेले. बाथरूमसमोर ओल्या पावलांचे ठसे अजून पुरते सुकले नव्हते. टेलिफोनच्या शेजारी ती छोटी वही पडली होती. झोपण्याच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

ती आपल्या बाजूला कुशीवर झोपली होती. एक हात पलंगाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर, जिथे नवरा असायचा तिथे, तळवा खाली करून ठेवलेला. ओले केस उशीवर पसरलेले. चेहऱ्यावर इतकी शांतता होती की मला ती आवडली नाही.

ते दारातच खिळले. मी पुढे झाले आणि पसरलेल्या हाताचं मनगट धरलं.

ठोका लागला. पुढचा लागला. जीव भांड्यात पडला माझा. दहा-बारा ठोके मोजले असतील, चांगले, नियमित. मी त्यांना खूण करायला मान वळवली, आणि बोटांखालून काहीतरी निघून गेलं.

बावीस वर्षांत हजारो थांबे मी पडद्यावर मोजले असतील. तिथे तो रेघेचा एक रिकामा तुकडा असतो, पट्टीनं मोजायचा, आकडा लिहायचा. माणसाच्या हातात तो कसा असतो मला ठाऊक नव्हतं. मनगट तेच होतं, ऊबही तीच. फक्त त्यात आता कुणी नव्हतं. बाई आता नुसती झोपलेली नव्हती, तिचे ओठ माझ्यासमोर राखेच्या रंगाचे झाले. खोलीही बदलल्यासारखी वाटली मला. भास असेल. पण बाहेरचा तो नळही ऐकू येईना. मी मोजत होते, कारण दुसरं काय करायचं हे माझे हात विसरले होते. सहा. सात. आठ. तिच्या छातीवर हात टेकवायला मी वाकले, आणि तेवढ्यात बोटांखाली एक दणका बसला, आतून कुणी दार ठोठावावं तसा. मग दुसरा. मग ओळीनं.

तिनं डोळे उघडले. सताड. मी तिच्या तोंडावर वाकले होते, पण तिला मी दिसत नव्हते. तिचा पतीही पायथ्याशी येऊन उभा होता, तोही दिसत नव्हता. ती शेजारच्या रिकाम्या गादीकडे वळली आणि तिथली उशी दोन्ही हातांनी गदागदा हलवायला लागली.

"अहो! अहो, उठा! थांबलं तुमचं! उठा!"

"अगं, मी इथे आहे," ते पायथ्याकडून म्हणाले. "मी इकडे आहे गं."

ती उशी हलवतच होती. चार-पाच सेकंदच असतील, पण ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. मग हळूहळू तिच्या नजरेत माणूस आला. तिनं हातातल्या उशीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, त्यांच्या झग्याकडे, मग माझ्याकडे.

"तुम्ही सगळे इथे काय करताय?" ती म्हणाली. "आणि ह्यांना पलंगावरून कुणी उठू दिलं?"

रुग्णवाहिका येईपर्यंत मी तिला झोपू दिलं नाही. बडबड करत राहिले. मंगळवारी रात्री नेमकं काय झालं ते तिनं तेव्हाच सांगितलं. मशीन स्टुलावर कुईकुई करत होतं. ह्यांच्या छातीला लावावं तर हे पालथे झोपलेले, मणाचा देह, वळवता वळेना. आवाजानं उठतील आणि उठले की मशीन खिडकीबाहेर फेकतील, म्हणून ते गप्प करण्यासाठी तिनं स्वतःलाच चिकटवलं. पाच मिनिटांसाठी. हे कूस वळले की काढून ह्यांना लावायचं, असं ठरवलं होतं. पण डोळा लागला. रात्री नेहमीसारखं झालं, हिनं ह्यांना हलवलं, वहीत वेळ लिहिली, पुन्हा झोपली. पहाटे हे उताणे झाले तेव्हा लावून टाकलं.

"आणि थांबे सापडले म्हटल्यावर तुमच्या मनात नाही आलं?"

"ते तर संध्याकाळीही खुर्चीत डुलक्या काढत होते मशीन लावून. मला वाटलं तेव्हाचे." तिनं ओले केस मागे सारले. "खरं सांगू? माझं काही असेल हे डोक्यातच आलं नाही. मला कुठे काय होत होतं? मी तर दर वेळी जागी होते."

तसं तिला वाटत होतं. थांबा संपून रक्त पुन्हा डोक्याकडे गेलं की ती जागी व्हायची, आणि जे नुकतंच तिच्यात थांबून गेलं होतं ते तिला शेजारी थांबल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी नंतर मला हे समजावून सांगितलं. शेजारी का, ह्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ते म्हणाले, मेंदूचं काय सांगावं. मला वाटतं, चाळीस वर्षं ज्या बाजूला कान लावून झोपायची सवय, त्याच बाजूला माणूस शोधणार.

रुग्णवाहिकेत तिला आणखी एक थांबा आला, नऊ सेकंदांचा, जागेपणी. त्या दुपारीच डॉक्टरांनी हृदय चालू ठेवणारी तात्पुरती तार घातली आणि शुक्रवारी सकाळी, नवऱ्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेला, तिला पेसमेकर बसला. लिफ्टवाले बाहेर बाकावर बसून होते. दर दहा मिनिटांनी ते माझ्या खोलीत येत, पडद्याकडे बघत आणि परत जात.

सहा आठवड्यांनी तपासणीला आले तेव्हा तिच्या गालावर रंग होता. रात्रभर ठार झोपते म्हणाली. झोप उडाली होती ती नवऱ्याची. डोळ्यांखाली काळं झालं होतं त्यांच्या. "मीच बसतो आता," ते हसत म्हणाले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "हात ठेवून बघतो अधूनमधून. ही खेकसते माझ्यावर."

त्यांना मी चहा दिला, दोघं गेले, आणि माझं काम संपलं असं कुणीही म्हणालं असतं. पण त्या दिवसानंतर मला खोलीत चैन पडेना. "रात्री ह्यांचं थांबतं" म्हणणारी ही काही पहिली बाई नव्हती. बावीस वर्षांत अशा किती आल्या होत्या, आणि बायकोबद्दल असंच सांगणारे नवरेही. प्रत्येक वेळी ज्याचं नाव कागदावर त्याची टेप मी वाचली होती, ती स्वच्छ निघाली होती, आणि शेजारच्या माणसाला आम्ही हसून घरी पाठवलं होतं.

तळघरातल्या कपाटातून मी जुने अहवाल काढले. 'पत्नीची तक्रार', 'पतीची तक्रार' असं शेऱ्यात लिहिलेले वेगळे केले. चौदा निघाले. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा वाटलं होतं चिडतील. त्यांनी यादी हातात घेतली, बराच वेळ वाचली आणि म्हणाले, "माझ्या फोनवरून करा. आणि कुणी आलं तर मला न विचारता टेप लावा."

तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी फोन करत होते. पाच नंबर बंद होते. सहा ठिकाणी दोघंही ठणठणीत निघाले. एक बाई तर माझ्यावरच हसली, म्हणाली, अहो ते घोरणं थांबलं की मी घाबरायची, आता सवय झाली. दोघी जणी तपासणीला यायला कबूल झाल्या.

एका नंबरवर म्हाताऱ्या गृहस्थांनी फोन उचलला. मी कुठून बोलतेय ते सांगितलं. त्यांना लगेच आठवलं.

"हो हो, चार वर्षं झाली. तुम्हीच लावलं होतं ते मशीन. काही निघालं नव्हतं माझ्यात. चांगला आहे मी अजून, रोज चालतो."

"आणि तुमच्या पत्नी? त्या तुम्हाला रात्री उठवायच्या..."

"उठवायची. मशीन लावलं त्यानंतरही दोन-तीन महिने उठवत होती." त्यांनी घसा साफ केला. "मग गेली ती. झोपेतच. सकाळी हात माझ्या छातीवर होता तिचा." पलीकडे काहीतरी खुडबुडलं, बहुधा त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तुमचा रिपोर्ट मात्र बरोबर होता हं ताई. तिला उगीचच शंका यायची."

मी त्यांना तब्येतीला जपायला सांगितलं. ते म्हणाले, आवर्जून चौकशी केलीत, बरं वाटलं.

फोन ठेवल्यावर मी त्यांच्या नावापुढे काहीच लिहिलं नाही. डॉक्टर दाराशी येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, काय झालं, आणि मी त्यांना सांगितलं. ते आत आले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. पडद्यावर कुणाचीतरी कालची रात्र सरकत होती.